घट्ट झालेला टचअप रंग पुन्हा वापरात

गाडीच्या दारावर ओरखडा उठला होता, पण प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, शाबूत होता. टचअपच्या जुन्या बाटलीतला लॅकर रंग मात्र काकवीसारखा घट्ट झालेला. काडीला तो ताणला जात होता, म्हणजे फक्त थिनर (रंग पातळ ठेवणारं द्रावक) उडालं होतं. सुकून गोळा झाला असता, तर टाकूनच द्यावा लागला असता.

खिडक्या उघडून ड्रॉपरने थेंबथेंब एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर घातलं. रॉकेल किंवा टर्पेंटाइन अजिबात घालू नका, लॅकर फुटतो. सायकलच्या चाकातले छर्रे आत सोडून बाटली भरपूर हलवली. मेटॅलिक रंगात हेच सगळ्यात महत्त्वाचं: ॲल्युमिनियमचे कण तळाशी बसतात, ते नीट मिसळले नाहीत तर छटा जुळतच नाही. मग नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळून घेतला.

कार्डावर लावून, पूर्ण वाळवून, उन्हात दाराशी ताडून पाहिला. ओल्या रंगावरून छटा ठरवू नये. जुळल्यावर ओरखडा स्पिरिटने पुसला आणि टूथपिकने पातळ थर दिले, प्रत्येक थर वाळू देऊन. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. तो कडक झाल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) हलक्या हाताने फिरवला आणि रबिंग कंपाउंडने चकाकी आणली.