धातू शोधायचाय? आधी चीर शोधा

विहीर खोदताना आमचे काका म्हणायचे, "पाणी कातळात नसतंय, चिरंत असतंय." मुरूम आणि फुटका खडक असेतोवर झरे लागायचे, खाली सलग कातळ आला की झरा संपायचा. एम.एस्सी.ला आर्थिक भूशास्त्र, म्हणजे धातू-खनिजांच्या साठ्यांचा अभ्यास, शिकताना हे वाक्य मला आठवलंच नाही. सोलापूर जिल्ह्यात सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, लाव्ह्याचा काळा कातळ. शिशा-जस्ताची खाण जवळपास नाही, त्यामुळे मी नुसती पाठांतरं करत होतो.

डोळे उघडले ते उदयपूरजवळच्या जावरला, अरवलीत. पहिल्याच दिवशी डोलोमाइटमध्ये (चुनखडीसारखा खडक) चकाकणारा गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, दिसला. हातात घेतला तर केवढा जड! विशिष्ट गुरुत्व ७.५, आपल्या बेसाल्टचं तीनच्या आसपास. मी पिशवी भरली. शेजारचा मधासारखा तपकिरी स्फॅलेराइट मात्र साधा दगड समजून तिथंच टाकला. जस्ताचं खनिज तेच, आणि जावर तर मध्ययुगापासून मुशींतून जस्त काढणारं गाव! संध्याकाळी सरांनी विचारलं, "ही खनिजाची शीर कुठल्या दिशेनं जाते?" डायरीत स्ट्राइक-डिपची, म्हणजे थराच्या दिशेची आणि उताराची, एकही नोंद नव्हती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दगड सोडून त्याच्या भोवतीची रचना पाहिली. फिलाइट हा पातळ पापुद्र्यांचा खडक दाबाखाली वाकतो, डोलोमाइट ठिसूळ असल्यानं फुटतो, आणि खनिज त्या फुटीत भरलेलं. म्हणजे काकांची विहीरच, फक्त झऱ्याच्या जागी धातू वाहून आणणारं गरम, खारट पाणी. जावरचा धातू मुळात गाळाबरोबर आला की मागाहून, हा वाद वेगळा. पण डोंगर घडताना त्याला जागा दिली ती चिरांनी आणि घड्यांनी. झारखंडच्या सिंगभूमला तांबं सुमारे २०० किलोमीटरच्या शिअर झोनच्या (खडक एकमेकांवर घासत सरकलेल्या पट्ट्याच्या) कडेनं सापडतं. भिलवाड्याच्या रामपुरा आगुचात मात्र जस्त ग्रॅफाइटयुक्त शिस्ट-नाइसमध्ये, म्हणजे उष्णता-दाबानं बदललेल्या गाळाच्या खडकांत, आहे. तिथं आधी मूळ गाळाचा विचार करावा लागतो. म्हणून एकच सूत्र सगळीकडे लावू नका. प्रश्न मात्र तेच ठेवा: द्रव कुठून आला, कुठल्या वाटेनं गेला, कशानं अडला?

फील्डला ब्रंटन (दिशा आणि उतार मोजायचं होकायंत्र), भिंग आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल हवंच. डोलोमाइट आधी ओरखडा, भुकटीवरच नीट फसफसतो. स्फॅलेराइटच्या भुकटीला आम्लानं सडक्या अंड्यांचा वास येतो, त्या वासानं माझी चूक पुन्हा झाली नाही. डोंगरावर गंजल्यासारखा तांबूस, भोकाभोकांचा खडक दिसला तर थांबा. तो गॉसन, खालच्या सल्फाइडची, म्हणजे गंधकयुक्त धातुखनिजांची, खूण असू शकतो.

गेट किंवा कंबाइंड जिओ-सायंटिस्ट या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनीही खनिजांच्या याद्यांआधी नकाशे आणि छेद (जमिनीच्या उभ्या कापाची चित्रं) काढायला शिकावं. त्यासाठी अरवलीची वाट पाहायला नको. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजं पाण्यातूनच जमलीत. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की मालकाला विचारून काठावर बसा, आत उतरू नका. मुरूम, चिरा, गेरूचा लाल थर आणि ओल कुठं दिसते ते डायरीत काढा. माझं पहिलं बरोबर आलेलं छेदचित्र काकांच्या विहिरीचंच आहे.