पाण्यात नाही, कातळावर बघा

दर जूनमध्ये एखादी तरी ज्युनियर विचारतेच, "ताई, बेडकांवर डिझर्टेशन करायचंय, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. ताम्हिणी घाटात जा आणि रस्त्याकडेच्या ओल्या कातळासमोर अर्धा तास नुसती उभी राहा.

मी स्वतः तसं केलं नव्हतं. एमएस्सीच्या पहिल्या पावसाळ्यात चांदणी चौकातून दुचाकी काढायची, पिरंगुट, पौड, मुळशी करत घाट गाठायचा आणि डबक्यांत डोकावत बसायचं. बेडूकमासे पाण्यात असतात हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. तीन शनिवार असेच वाया गेले. चौथ्या खेपेला पाऊस इतका कोसळला, की आडोशाला कातळाला चिकटून उभी राहिले, मान वळवली, तर नाकासमोरच्या उभ्या दगडावर शेवाळात काहीतरी वळवळलं. बोट जवळ नेलं, तर शेपटीचा झटका देऊन ते वीतभर लांब उडालं. पोहलं नाही, उडालं!

हा इंडिराना लिथीचा बेडूकमासा. बुलांजे या प्राणिशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये माथेरानच्या नमुन्यांवरून या जातीचं वर्णन केलं. पूर्ण वाढलेला बेडूक दिसायला अगदीच साधा, अंगठ्याएवढा, कुजक्या पानाच्या रंगाचा. पाठीवर बारीक उभ्या घड्या आणि बोटांच्या टोकांना चकत्या. गंमत आहे ती पिल्लांत. कातळावरून झिरपणाऱ्या पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, तेवढ्यावर ती वाढतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. शेपूट लांब आणि सडपातळ, आणि मागचे पाय इतर बेडूकमाशांच्या मानाने फार लवकर फुटतात. त्या पायांच्या आणि शेपटीच्या जोरावरच ती दगडावर उड्या मारतात. हे सगळं कातळ ओला आहे तोवरच. पाऊस आठवडाभर दडी मारतो तेव्हा मला घाटातल्या हॉटेलवाल्यांइतकीच काळजी लागते.

म्हणून सांगते, अधिवास म्हणजे फक्त जंगल असं समजू नका. रस्ता रुंद करताना दरडीवर सिमेंटचा थर मारला, तर वरचं एकही झाड न तोडता खालची बेडकांची वस्ती संपू शकते. वहीत प्रजातीच्या नावाआधी लिहा: उतार केवढा, पाणी कुठून झिरपतं, शेवाळ किती, सावली किती.

ओळख पटवायची घाई नको. इंडिराना हा सगळा गटच दिसायला सारखा. २०१४ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी आंबोलीतून याच गटातली एक नवी जात वेगळी काढली. चिऱ्यात राहणारी, म्हणून नाव 'चिरावासी'. (लॅटिनच्या गर्दीत आपला चिरा बघून मला उगाचच भरून आलं होतं.) फोटोवरून ठाम नाव ठोकणारे ग्रुपवर भेटतील. तुम्ही 'इंडिराना' एवढंच लिहून थांबलात तरी चालतं.

परवानगीचं मात्र फेब्रुवारीतच बघा. ताम्हिणी, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. तिथे प्राणी हाताळायचा, नमुना घ्यायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि कागद नागपूरपर्यंत जातात. मी अर्ज केला मे महिन्यात! सगळा पावसाळा फक्त लांबून मोजण्यात गेला. बेडूकमाशांच्या उड्यांची नोंद त्यातूनच झाली, ही गोष्ट वेगळी.

गमबूट एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना धुऊन, निर्जंतुक करून, वाळवूनच घाला. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा संसर्ग उत्तर सह्याद्रीतही सापडला आहे, आणि चिखलाबरोबर तो आपणच नेऊ शकतो.

शनिवार-रविवार टाळा. धबधब्याखाली नाचणाऱ्यांच्या गर्दीत कातळाकडे टॉर्च मारून उभं राहिलं, की लोक विचारतात, "मॅडम, काही पडलं का?" मंगळवारी जा, अंधार पडायच्या तासभर आधी पोहोचा. एकटीने नको, आणि घाटात रेंज नसते, तेव्हा कुठल्या वळणावर आहात ते घरी आधीच सांगून ठेवा.