शॅकच्या वायफायवरून पैसे पाठवताना

गोव्यात कळंगुटच्या शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, मेनूकार्डावर छापलेला वायफायचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक, तसाच शेजारच्या टेबलालाही. डब्ल्यूपीए-२ या नेहमीच्या सुरक्षापद्धतीच्या वायफायवर पासवर्ड ठाऊक असलेल्याने तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली, तर वायफायचं कुलूप त्याला उघडता येतं. भिस्त उरते ती एचटीटीपीएसवर (https), म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या बोलण्याला लागणाऱ्या वेगळ्या कुलपावर.

पत्त्याच्या पट्टीवर टॅप करून पूर्ण पत्ता बघा, तो https ने सुरू व्हायला हवा. कुलपाचं चित्र शोधू नका. क्रोम ब्राउझरने ते २०२३ मध्ये काढलं, कारण लोक त्यावरून साइटच प्रामाणिक समजायचे. सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा इथे जाऊन कायम सुरक्षित कनेक्शन वापरण्याचा पर्याय चालू करा.

जोडणी होताना साइट आपली ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. ब्राउझर त्यावरचं नाव, मुदत आणि सही तपासतो. त्याच वेळी दोन्ही बाजू गणिताने एकच किल्ली आपापल्या जागी तयार करतात. किल्ली स्वतः वाटेवरून जातच नाही. मधल्या माणसाला साइटचं नाव बहुधा कळतं, किती डेटा गेला तेही कळतं, पण पासवर्ड आणि रक्कम नाही.

खरी गडबड ‘कनेक्शन खाजगी नाही’ या इशाऱ्यापाशी होते. घाईत ‘पुढे जा’ दाबू नका. इथे सुशेगाद, म्हणजे गोंयकारासारखं निवांत, राहिलेलंच बरं. पहिल्यांदा तारीख बघा. जुन्या लॅपटॉपचा घड्याळ चालू ठेवणारा बटण सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि चांगलं प्रमाणपत्रही ‘अजून सुरू न झालेलं’ ठरतं. तारीख बरोबर असेल तर वायफायचं लॉगिन पान राहिलंय का ते पाहा: हॉटेलचा राउटर तुमची बँकेची विनंती मध्येच अडवून स्वतःचं पान पुढे करतो, नाव जुळत नाही, ब्राउझर ओरडतो. ‘साइन इन करा’ ही सूचना उघडून ते उरका. तरीही इशारा आला तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडा. तिथे बिनतक्रार उघडलं तर दोष त्या वायफायचा, ते सोडून द्या. दोन्हीकडे इशारा आला तर बहुधा साइटच्याच प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. काही प्रमाणपत्रं ९० दिवसांचीच असतात.

प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं, म्हणून नाव वाचायचं. एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकटी तिरकी रेघ गाठा आणि तिथून डावीकडे वाचत या. बँकेचं नाव, .com किंवा .in अशा शेपटासकट, त्या रेघेला लागून हवं. सुरुवातीला बँक आणि रेघेपाशी भलतंच नाव असेल, तर टॅब बंद करा.