कोकणातल्या घामात परफ्यूम आणि अत्तर टिकवायचं कसं

मे महिन्यात रत्नागिरी मालवणकडे सकाळी नऊला परफ्यूम मारून बाहेर पडायचं आणि अकराला मनगट नाकाशी नेलं की काहीच नाही, नुसता घाम. मग लोक म्हणतात बाटली डुप्लिकेट आहे, आणि दुसऱ्या दिवशी डबल फवारतात. आमच्याकडे अशा माणसाला सरळ विचारतात, "आंब्याक फवारणी करतंस काय रे?" जास्त मारून सुगंध टिकत नाही हो, फक्त पहिली पंधरा मिनिटं शेजारच्याचं डोकं दुखतं. टिकतो तो कशावर बसलाय त्याच्यावर, आणि आपल्या हवेत त्याला बसायला थोडं तेल लागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

स्प्रेच्या बाटलीत बहुतेक अल्कोहोल असतं, ते लगेच उडून जातं. राहिला तो सुगंधी भाग, त्यातही हलके घटक आधी उडतात (लिंबू, संत्रं, पुदिना टाइप वास) आणि जड घटक मागे राहतात, म्हणजे चंदन, वाळा, ऊद, कस्तुरीसारखे वास. गरम अंगावर सगळंच भराभर उडतं. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा, म्हणजे घाम वाळतच नाही, ओघळतो, आणि जाताना परफ्यूमपण घेऊन जातो. पुण्यात दिवसभर टिकणारी बाटली वेंगुर्ल्यात दुपारीच संपल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

म्हणून सुरुवात आंघोळीपासून. आपल्याकडे आंघोळ करून बाहेर आलं की अंग पुसेपर्यंत परत घाम सुटतो, आणि नेमकं त्याच अंगावर लोक परफ्यूम मारतात. तसं नको. पंख्याखाली दहा मिनिटं बसा, चहा प्या, घाम थांबू दे. मग जिथे सुगंध लावणार तिथे बोटभर मॉइश्चरायझर, बिनवासाचं, किंवा अगदी मटारच्या दाण्याएवढं व्हॅसलिन चोळा आणि त्याच्यावर परफ्यूम. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो, स्निग्ध थरावर तो धरून राहतो. खोबरेलपण चालतं पण घाण्याच्या तेलाला स्वतःचाच वास असतो, तो गुलाब मोगऱ्याबरोबर बरा लागतो, फ्रेश लिंबू टाइप परफ्यूमबरोबर मात्र चटणी केल्यासारखा लागतो, तेव्हा बघून लावा.

काखेत परफ्यूम मारू नका प्लीज. घामावर बॅक्टेरिया वाढून वास येतो, त्यात परफ्यूम मिसळला की तिसराच काहीतरी प्रकार तयार होतो जो एसटीत सगळ्यांना भोगावा लागतो. तिथे डिओ किंवा ओल्या काखेत फिरवलेली तुरटी, बस. तुरटी स्वस्त आहे आणि काम करते.

लावायचं कुठे? सगळे मनगट सांगतात. पण मनगट आपण दिवसभरात किती वेळा धुतो, मासे साफ करा, भांडी घासा, हात धुवा, कुठे राहणार तो वास. उन्हाळ्यात मी तर म्हणते मानेच्या मागे केसांच्या मुळाशी, कानामागे, छातीवर शर्टाच्या आत, आणि कोपराच्या आतल्या घडीत. एक वीत अंतरावरून दोन किंवा तीन स्प्रे पुष्कळ झाले. आणि दोन मनगटं एकमेकांवर खसाखसा घासायची सवय सोडा, घासल्याने तिथली त्वचा गरम होते आणि वरचे हलके वास आणखीच लवकर जातात. टेकवा आणि सोडून द्या.

एक गोष्ट नीट सांगते कारण इथे ऊन कडक आहे. लिंबूवर्गातले काही वास, खास करून बर्गमॉटचं नैसर्गिक तेल, त्वचेवर असताना कडक ऊन लागलं तर तिथे लाल होऊन पुढे काळे डाग पडू शकतात, मानेवर तर बऱ्याच जणांना. समुद्रावर जाताना किंवा शेतात काम असताना उघड्या मानेवर असलं काही लावू नका, कपड्याच्या आत लावा. नवीन बाटली असेल तर आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा, खाज आली तर विषय संपला.

आता विकत काय घ्यायचं. बाटलीवर ओ द कोलोन लिहिलं असेल तर त्यात सुगंधी भाग अगदी कमी, साधारण २ ते ५ टक्के, ओ द ट्वालेटमध्ये ५ ते १५ च्या आसपास, ओ द पार्फममध्ये साधारण १५ ते २०. कंपनीगणिक आकडा बदलतो पण क्रम हाच. बॉडी स्प्रे तर याहून पातळ, त्याच्याकडून संध्याकाळची अपेक्षाच ठेवू नका. आणि दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेऊन लगेच पैसे देऊ नका, तो पहिल्या पाच मिनिटांचा वास असतो, हातावर मारा, बाजार करून या, तासाभराने जे उरलंय ते आवडलं तर घ्या. कारण दिवसभर तेच तुमच्याबरोबर राहणार आहे.

माझं मत विचाराल तर आपल्या हवेला अत्तरच बरं. त्यात अल्कोहोल नाही, तेलाचा बेस असतो, त्यामुळे ते एकदम भपकन येत नाही पण अंगाला चिकटून राहतं. कनौजला देग भपका पद्धतीने तांब्याच्या भांड्यात फुलं उकळून त्याची वाफ चंदनाच्या तेलात धरतात, ती खरी जुनी रीत, पण चंदन तेल आता इतकं महाग झालंय की बऱ्याच अत्तरांत दुसरंच बिनवासाचं तेल असतं. ते वाईटच असं नाही, पण शंभर रुपयांच्या कुपीवर 'शुद्ध चंदन' लिहिलेलं असेल तर हसून पुढे जा. उन्हाळ्याला वाळा, गुलाब, केवडा, पावसाळ्यात मिट्टी अत्तर (ओल्या मातीच्या वासाचं) मस्त, आणि हिना शमामासारखी गरम मसालेदार अत्तरं थंडीसाठी ठेवा, मेमध्ये ती लावली तर स्वतःलाच गुदमरल्यासारखं होतं. अत्तराचा थेंब काडीने लावायचा, चोळायचा नाही. जुने लोक कापसाचा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवायचे ना, ती आयडिया भारीच आहे, कारण तिथे घाम कमी येतो आणि कापूस अत्तर धरून हळूहळू सोडतो. आणखी टिकवायचं असेल तर खाली वाळा किंवा नागरमोथ्याचं अत्तर एक टिपका आणि त्याच्यावर तुमचा नेहमीचा स्प्रे, जड वास खाली हलका वर. उलटं केलंत तर खालचा हलका वास दबूनच जातो.

केसांचं मात्र वेगळं आहे. केस सुगंध त्वचेपेक्षा जास्त वेळ धरतात, पण ते सगळंच धरतात, बांगडे तळले की बांगड्याचा वास, चुलीपाशी बसलं की धुराचा. त्यामुळे आधी स्वयंपाक, मग केस. परफ्यूम थेट केसांवर मारू नका, अल्कोहोलने केस कोरडे होतात, त्यापेक्षा कंगव्यावर एक स्प्रे मारून अर्धा मिनिट थांबा आणि मधल्या लांबीपासून खाली विंचरा, टाळूला लावायचं नाही. अत्तर असेल तर एक थेंब तळहातावर दोन थेंब खोबरेलाबरोबर चोळून टोकांना. पावसाळ्यात केस नीट वाळलेच नाहीत तर जो कुबट वास येतो तो कुठल्याच परफ्यूमने झाकत नाही, आधी पंख्याखाली बोटांनी मोकळे करून पूर्ण वाळवा, ओले केस बांधून ठेवू नका.

धुरी अजून कोण देतं माहीत नाही पण द्यावी असं मला वाटतं. करवंटीचे निखारे शेगडीत किंवा मातीच्या भांड्यात घ्या, ते राखाडी झाले, धूर थांबला की त्याच्यावर चिमूटभर ऊद किंवा धूप, वर बांबूची टोपली उपडी आणि तिच्यावर केस पसरायचे, केस किंचित दमट असताना. दोन तीन मिनिटं पुरे. खिडकी उघडी ठेवा, दम्याचं माणूस किंवा लहान बाळ घरात असेल तर हा प्रकार नकोच, आणि केसांना स्प्रे मारून मुळीच निखाऱ्यापाशी बसू नका, अल्कोहोल पेट घेतं. दुसऱ्या दिवशी केस सोडले की वास येतो, खरंच.

घरी सुगंधी तेल करायचं असेल तर ताजी फुलं तेलात टाकू नका, फुलांतल्या पाण्याने तेल खराब होतं, वर बुरशीपण धरते. मोगऱ्याचं तेल घरी करायला जाणारे बहुतेक निराश होतात, कारण फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करताना फुलं तेलात टाकतच नाहीत, तिळाच्या दाण्यांत थर देऊन ठेवतात, फुलं पुन्हा पुन्हा बदलतात, आणि मग ते वासाळलेले तीळ घाण्यावर घालतात. आपल्याकडे सोपं काय तर बकुळ, म्हणजे ओवळं. ती सुकली तरी वास सोडत नाहीत. कडकडीत सुकवलेली ओवळं काचेच्या कोरड्या बाटलीत भरून वर कोमट खोबरेल ओतायचं, फुलं बुडाली पाहिजेत, पंधरा दिवस सावलीत ठेवून गाळायचं, जमलं तर परत नवीन फुलं घालून आणखी पंधरा दिवस. बरोबर थोडा कपूरकाचरी किंवा नागरमोथा ठेचून घाला. वास मंद येतो हे आधीच सांगते, बाजारच्या तेलासारखा दरवळणार नाही, पण केस धुवायच्या आदल्या रात्री लावलं की धुतल्यावरही थोडा मागे राहतो.

गजऱ्याचं म्हणाल तर मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून कळ्यांचाच घ्या आणि माळायच्या आधी ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. अबोली दिसायला छान, वास शून्य. शिमग्याच्या आसपास वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगी मिळते, तिचा वळेसर, म्हणजे गजरा, एकदा माळला की दुसरं काही लावायची गरजच नाही, उलट परफ्यूम मारून ती वाया घालवू नका. ओवळांचा वळेसर सुकल्यावर टाकून न देता कपाटात साड्यांमध्ये ठेवा. वाळ्याची जुडीपण चालते. फक्त त्याच कपाटात डांबरगोळ्या नकोत, एक गोळी सगळ्यावर भारी पडते.

कपड्यावर सुगंध अंगापेक्षा जास्त टिकतो, सुती असेल तर आतल्या बाजूने मारा. रेशमी साडीवर नको, डाग पडला की गेली. मोती घालणार असाल तर परफ्यूम आधी, मोती शेवटी.

बाटली बाथरूममध्ये, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, उष्णता आणि उजेडाने आतला वासच बदलतो. खोक्यासकट कपाटात.

आणि पुन्हा पुन्हा फवारायच्या आधी हे बघा की वास खरंच गेलाय का. आपलं नाक थोड्या वेळाने स्वतःच्या वासाला सरावतं, आपल्याला येत नाही पण दुसऱ्याला येत असतो, त्यामुळे घरातल्या कुणाला तरी विचारा. खरंच गेला असेल तर घामावर मारू नका, आधी ओल्या रुमालाने मान पुसा, कोरडी करा, मग छोट्या कुपीतलं अत्तर एक टिपका. आणि हे सगळं स्टँडवर उभं असताना करा, खिडक्या बंद केलेल्या एसटीत बसल्यावर नाही.