पहिली बाईक घेताना आधी ती ढकलून पाहा

शोरूममध्ये गेल्यावर मायलेजच्या आधी गाडीचं वजन विचारा. नवशिक्याची गाडी भर वेगात पडते त्यापेक्षा सिग्नलला, पार्किंगमध्ये किंवा यू-टर्न घेताना जास्त कलंडते. सीटवर बसा, दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीवर नीट टेकायला हवेत. मग उतरून, इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकला, मेन स्टँडवर चढवून बघा. एवढ्यातच दम लागला तर ती गाडी सध्या तुमच्यासाठी नाही. होंडा शाइन १०० चं वजन ९९ किलो, स्प्लेंडर प्लसचं ११२ च्या आसपास, तर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० थेट १९५ किलोची. (बुलेटचा मोह होणारच, होऊ दे.)

शिकायला १०० ते १२५ सीसी भरपूर झालं. रोज घाट किंवा हायवे असेल तर मात्र १२५ च घ्या.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत किक मारू नका. पोचल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर थंड गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते का, हे कळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळवा.