व्हीए कर्जाची ऑफर आली, तर घर विकणाऱ्याने काय पाहावे?

अमेरिकेत घर विकायला काढल्यावर आलेल्या ऑफरींमध्ये एखादी 'व्हीए लोन'ची, म्हणजे आजी-माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळणाऱ्या गृहकर्जाची असली, की अनेक विक्रेते किंमतसुद्धा नीट न पाहता ती बाजूला सारतात. आपल्यापैकी बहुतेकांचा अमेरिकी सैन्यदलाशी कधी संबंध आलेला नसतो, त्यामुळे एजंटने "हे कर्ज जरा किचकट असते" असे म्हटले, की आपण मान डोलावतो. माझ्या मते ही घाई चुकीची आहे. ही ऑफर घ्यावी की नाही, हे कर्जाच्या नावावरून ठरवायचे नसून आपल्या घराची स्थिती, मागितलेली किंमत आणि खरेदीदाराचा लेंडर (त्याला कर्ज देणारी बँक किंवा कंपनी) या तीन गोष्टींवरून ठरवायचे असते.

आधी हे कर्ज नेमके काय आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये जो कायदा झाला, ज्याला 'जीआय बिल' म्हणतात, त्यातून ही योजना सुरू झाली. आजी-माजी सैनिक आणि काही अटींवर दिवंगत सैनिकांचे जोडीदार तिचा लाभ घेऊ शकतात. पैसे सरकार देत नाही. कर्ज नेहमीच्या बँका आणि मॉर्गेज कंपन्याच देतात, आणि त्यातील ठरावीक भागाची, साधारणपणे एक चतुर्थांशाची, हमी माजी सैनिक व्यवहार विभाग म्हणजे व्हीए घेतो. या हमीमुळेच खरेदीदाराला डाउन पेमेंटशिवाय घर घेता येते आणि मॉर्गेज इन्शुरन्सचा, म्हणजे कर्ज बुडण्याच्या जोखमीसाठीच्या विम्याचा, मासिक भुर्दंडही पडत नाही. पूर्ण पात्रता शिल्लक असलेल्यांसाठी १ जानेवारी २०२० पासून कर्जाच्या रकमेवरील व्हीएची मर्यादाही उठली आहे, त्यामुळे महागड्या घरालाही अशी ऑफर येऊ शकते. डाउन पेमेंट नाही म्हणजे खरेदीदाराची ऐपत नाही, असा अर्थ काढू नये. हाताशी पुरेशी शिल्लक असूनही, मिळणारी सवलत सोडायची कशाला, म्हणून हे कर्ज घेणारे पुष्कळ असतात.

सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो घराच्या स्थितीचा. व्हीए कर्जात अप्रेझर, म्हणजे घराचे मूल्यांकन करणारा, लेंडर निवडत नाही. व्हीए आपल्या यादीतून त्याची नेमणूक करते. तो घराची किंमत तर ठरवतोच, शिवाय घर सुरक्षित, मजबूत आणि आरोग्याच्या दृष्टीने राहण्याजोगे आहे का, हे किमान निकषांवर तपासतो. छत गळत नसावे, वायरिंग धोकादायक नसावे, पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याची सोय चालू असावी, आणि जिथे नळ व पाइप आहेत तिथे किमान ५० अंश फॅरनहाइट तापमान राखू शकेल अशी हीटिंगची व्यवस्था असावी, अशा या अपेक्षा आहेत. गालिचा जुना आहे किंवा स्वयंपाकघरातली कपाटे जुन्या पद्धतीची आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अनेक भागांत वाळवीची तपासणीही लागते. १९७८ पूर्वी बांधलेल्या घरात रंगाचे पोपडे निघालेले असतील, तर त्यात शिसे असू शकते असे धरून ते काढायला सांगतात.

आमचे जुने घर आम्ही विकले तेव्हा याचा प्रत्यक्ष अनुभव आला. ते १९७८ च्या आधीचे होते आणि ऑफर व्हीएची होती. अप्रेझरच्या अहवालात एकच दुरुस्ती निघाली: गॅरेजच्या बाजूच्या खिडकीच्या लाकडी चौकटीवर खालच्या कडेला रंग सुटून नखाएवढे पोपडे उभे राहिले होते. आम्ही त्या खिडकीसमोरून रोज ये-जा करत होतो, पण ते कधी डोळ्यांत भरले नव्हते. शिशाच्या रंगाची काळजी घेऊन ते काढून घेणे, प्रायमर आणि नवा रंग, इतक्यावर ते काम मिटले. मात्र अप्रेझरने पुन्हा येऊन पाहण्यात आमचे काही दिवस गेले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की घर बाजारात आणण्यापूर्वीच बाहेरून एक संथ फेरी मारावी, प्रत्येक खिडकीची खालची कड आणि छताखालची लाकडे पाहावीत, जिन्याचे कठडे हलवून पाहावेत आणि क्रॉलस्पेसमध्ये, म्हणजे फरशीखालच्या ठेंगण्या मोकळ्या जागेत, बॅटरी घेऊन उतरावे. ज्या घरात हीटिंग बंद पडलेले आहे, छताचे आयुष्य संपले आहे आणि त्यावर खर्च करण्याची आपली तयारी नाही, त्या घराला व्हीए ऑफर खरोखरच सोयीची नाही. कॉन्डो (सामायिक इमारतीतला मालकीचा फ्लॅट) असेल तर तो प्रकल्प व्हीएच्या मंजूर यादीत आहे का, हे आधी पाहावे. दुरुस्तीचा खर्च विक्रेत्यानेच करावा असा मात्र नियम नाही. खरेदीदारही तो करू शकतो, आणि ही बोलणी करारातच व्हावीत.

आता पैशांचे. "व्हीए खरेदीदाराचा सगळा खर्च विक्रेत्याच्या गळ्यात पडतो" हा समज अजूनही ऐकू येतो. खरेदीदाराकडून लेंडरने काही विशिष्ट फी घेऊ नयेत असे नियम आहेत, परंतु त्या विक्रेत्यानेच भराव्यात असे कुठे म्हटलेले नाही. फंडिंग फी, म्हणजे व्हीएला द्यायचे एकरकमी शुल्क, जी पहिल्यांदा लाभ घेणाऱ्याला डाउन पेमेंट नसल्यास कर्जाच्या २.१५ टक्के पडते, ती खरेदीदाराची असते आणि बहुधा कर्जातच मिळवली जाते. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्यांना ती माफ असते. ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदार आपल्या एजंटची फीसुद्धा स्वतः देऊ शकतो, जे त्याआधी त्याला करता येत नव्हते. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण करतानाच्या, नेहमीच्या खर्चापलीकडे विक्रेत्याने ज्या सवलती द्यायच्या, जसे फंडिंग फी भरणे किंवा खरेदीदाराचे एखादे देणे फेडणे, त्यांना घराच्या ठरलेल्या मूल्याच्या ४ टक्क्यांची मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा आहे, देणे लागतो असा आकडा नव्हे, हे एजंटकडूनही स्पष्ट करून घ्यावे.

समजा, तुमच्यापुढे दोन ऑफर आहेत. पहिली व्हीएची, ४,५०,००० डॉलरची, पण क्लोजिंगसाठी तुमच्याकडून ९,००० डॉलर मागणारी. दुसरी साध्या कर्जाची, २० टक्के डाउन पेमेंटसह ४,३८,००० डॉलरची, काहीही न मागणारी. हातात येणारी रक्कम पाहिली तर पहिलीतून ४,४१,००० मिळतात, म्हणजे फरक फक्त ३,००० डॉलरचा आहे. अप्रेझलमध्ये घराची किंमत ४,४०,००० निघाली आणि तुम्हाला तेवढ्यावर उतरावे लागले, तर पहिली ऑफर ४,३१,००० वर येते आणि दुसरी सरस ठरते. शेजारच्या विक्रींवरून ४,५०,००० ही किंमत टिकेल असे दिसत असेल, तर पहिलीच घ्यावी. म्हणजे खरा प्रश्न किंमत टिकेल का हा आहे.

इथे एक कलम नीट समजून घेतले पाहिजे. व्हीएने ठरवलेले मूल्य करारातील किमतीपेक्षा कमी आले, तर खरेदीदाराला अर्नेस्ट मनी (बयाणा) न गमावता व्यवहार सोडून देण्याचा हक्क असतो. तो हवे तर फरकाची रक्कम स्वतःच्या खिशातून घालून व्यवहार पुढे नेऊ शकतो, पण त्याला तसे करायला भाग पाडता येत नाही. त्यामुळे "अप्रेझल कमी आले तरी मी फरक भरीन" हे त्याचे म्हणणे हेतू म्हणून चांगले असले, तरी त्याला आधार हवा तो त्याच्या बँक खात्यातील शिलकीचा. ती शिल्लक दाखवणारे पत्र मागण्यात काहीच गैर नाही.

लेंडरच्या बाबतीत मात्र संकोच बाळगू नये. ऑफर स्वीकारण्याआधी एजंटने लेंडरला स्वतः फोन करावा आणि खरेदीदाराचे पात्रतेचे प्रमाणपत्र हाती आले आहे का, उत्पन्न आणि कर्जांची कागदपत्रे प्रत्यक्ष तपासली आहेत की केवळ तोंडी माहितीवर कर्जाच्या पूर्वमंजुरीचे पत्र दिले आहे, आणि अप्रेझलचा अहवाल तपासून घराचे मूल्य ठरल्याची अधिकृत सूचना (नोटीस ऑफ व्हॅल्यू) स्वतः काढण्याचा अधिकार त्या लेंडरकडे आहे का, हे विचारावे. व्हीएची कर्जे नेहमी करणारा माणूस या प्रश्नांची उत्तरे फोनवरच देतो. चाचपडणाऱ्या लेंडरकडून क्लोजिंगची तारीख पाळली जाईल यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. ऑफर चांगली आणि लेंडर कच्चा असेल, तर खरेदीदाराला दुसरा लेंडर सुचवण्याचा मार्गही उरतोच.

वॉशिंग्टन आणि इलिनॉयसारख्या काही राज्यांमध्ये सैनिकी सेवेच्या कारणावरून घरविक्रीत भेदभाव करण्यास मनाई आहे. म्हणून लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, "व्हीए चालणार नाही" असे लिहिण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि एखादी ऑफर नाकारलीच तर त्याची कारणे किंमत, तारखा आणि अटी यांच्या भाषेत नोंदवून ठेवावीत.

ऑफर स्वीकारल्यानंतर अप्रेझल लवकर मागवले जाईल याचा पाठपुरावा करावा, कारण अप्रेझर किती दिवसांत येईल हे त्या भागावर अवलंबून असते. तो येईल त्या दिवशी वीज, पाणी आणि गॅस चालू असावेत, आणि माळ्याचे व क्रॉलस्पेसचे दार सामानाने अडलेले नसावे. घराची किंमत करारापेक्षा कमी निघेल असे अप्रेझरला वाटले, तर अहवाल पूर्ण करण्याआधी तो लेंडरच्या बाजूला तसे कळवतो. या पद्धतीला 'टाइडवॉटर' म्हणतात. त्यानंतर आणखी विक्रींचे दाखले देण्यासाठी फक्त दोन कामाचे दिवस मिळतात. म्हणून करारावर सही झाली त्याच आठवड्यात आपल्या एजंटकडून जवळच्या तीन-चार विक्रींचा तपशील, तारखा, क्षेत्रफळ आणि आपण केलेल्या सुधारणांच्या पावत्या एका फाइलमध्ये तयार करून घ्याव्यात, आणि तिची प्रत खरेदीदाराच्या एजंटकडे आधीच पोहोचवून ठेवावी.