वार्ताहराचा फोन येण्याआधी

घरची हापूसची बाग, शंभर-सव्वाशे कलमं, पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या दारात. अशा बागायतदाराचं फेसबुक-इन्स्टाग्राम साधारण एप्रिलात जागं होतं आणि पहिल्या पावसाला झोपी जातं. मग पेपरात शेजारच्याचा फोटो आला की घरात धुसफूस. ती टाळायची तर तयारी दिवाळीनंतर लगेच, मोहोर दिसायच्या आत करायला हवी.

आधी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पानावरची ओळख नीट लिहा: गाव, तालुका, जिल्हा, कलमं किती, बाग कोण बघतं. आणि असा फोन नंबर द्या, जो दुपारी तीन ते सहा खरोखर उचलला जातो. मी काही वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. पेपरचं पान छपाईला सोडायची घाई असते तेव्हा जो फोन उचलतो त्याचंच म्हणणं छापून येतं. बाग कोणाची मोठी, हे बघायला तेव्हा कोणाला वेळ नसतो.

कागद त्याच वेळी काढून ठेवा. ‘हापूस’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो पानावर सगळ्यांत वर लावा. बाग राजापुरात आणि पेटीवर ‘देवगड’ असला प्रकार असेल तर तो आधी मिटवा, कारण चांगला वार्ताहर पहिला प्रश्न तिथेच विचारतो. ‘नैसर्गिक पिकवलेला’ एवढं लिहून भागत नाही. आढी लावत असाल, म्हणजे गवतात रचून आंबा पिकवत असाल, तर ती दाखवा. रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायची बंद खोली, वापरत असाल तर तसं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बंदी कॅल्शियम कार्बाइडवर आहे. इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो.

आता खरं काम. नोव्हेंबरपासून एकच कलम निवडा आणि दर आठवड्याला त्याच जागेवर उभं राहून फोटो टाका, तारखेसकट. पालवी, मोहोर, कणी, मग वाटाण्याएवढी, सुपारीएवढी, अंड्याएवढी कैरी. सोबत दोन ओळी: थंडी कशी, तुडतुडे आहेत का, फवारणी कितवी. याला लाइक फारसे मिळत नाहीत, नाही मिळाले तरी चालेल. पण फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडला की प्रत्येक डेस्कला कोकणातला आजचा फोटो आणि एक आकडा हवा असतो. तीन महिन्यांची नोंद ज्याच्या पानावर आहे, त्याचा आकडा विश्वासाने घेतला जातो. फोटो आडवे काढा, वर लोगो चिकटवू नका, मूळ फाइल जपून ठेवा. गाणं लावलेली रील पेपरच्या काय कामाची?

जुना फोटो मात्र चुकूनही नको. आमच्या एका चुलतभावाने पावसाच्या दिवशी गेल्या वर्षीचा गळलेल्या कैऱ्यांचा फोटो टाकला. मागे मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, भिंतीवर कॅलेंडर होतं. तालुक्याच्या वार्ताहराने साल वाचलं, आणि त्यानंतर दोन हंगाम त्याला कोणाचा फोन नाही.

नुकसान सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल, ही भीती मला पटत नाही. बातमी वाचून लोक ‘तुमच्याकडे किती उरलाय’ असंच विचारतात. बिचकतात ते साका निघालेल्या, म्हणजे आतून खराब निघालेल्या, फळाबद्दल कोणी उत्तर दिलं नाही तेव्हा. म्हणून त्या प्रश्नाचं आणि ‘भाव का चढला’ याचंही उत्तर आधी ठरवा. बोलणारा माणूस एकच ठेवा. वडिलांना फोनवर बोलायचं नसेल तर हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन त्यांना बागेत बोलू द्या आणि त्याचा व्हिडिओ करा. खरी वाक्यं त्यांच्याच तोंडून येतात.

वार्ताहरांची यादी छोटी करा: तालुक्याचे दोघे-तिघे, जिल्हा आवृत्तीतला एक, ‘ॲग्रोवन’ या शेतीच्या दैनिकासाठी लिहिणारा एक, वाहिनीचा जिल्हा प्रतिनिधी. महिना-दोन महिने त्यांच्या बातम्या वाचा, माहितीत भर घालता आली तरच खाली लिहा. वाशीच्या बाजारातली पहिली पेटी दरवर्षी बातमी होते, तिच्या मागे धावू नका. कॅनिंगचा (रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचा) दर, पॅकिंगला येणाऱ्या बायका, कुरिअरमध्ये फुटणाऱ्या पेट्या, अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा, यावर फार कमी लोक बोलतात. एका पोस्टमध्ये वीस जणांना टॅग केलंत तर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बातमी घेतली असेल. त्यापेक्षा एकालाच निरोप जाऊ दे: ‘नमस्कार. काल रात्री आमच्या गावात पाऊण तास पाऊस झाला. १२० कलमांपैकी ३५ वरचा मोहोर भिजला. आज सकाळचे तीन फोटो सोबत. चारपर्यंत फोनवर आहे.’ बस्स. ‘कृपया प्रसिद्धी द्यावी’ हे शेपूट नको, आणि बातमीच्या आधी घरपोच पेटी तर नकोच नको.

‘तीन हजारांत मुलाखत’ देणारी पोर्टलं भेटतील. ती जाहिरात आहे, जाहिरात म्हणून परवडत असेल तर घ्या.

सगळ्यांत शेवटी, आणि हेच बहुतेक जण विसरतात: पेट्या मोजून ठेवा. साठ पेट्यांचा माल असताना बातमीच्या सकाळी तीनशे फोन येतात. कोणाला कोणत्या आठवड्यात मिळेल, आगाऊ किती घ्यायचे, ‘संपल्या’ कधी म्हणायचं, हे आदल्या रात्री वहीत लिहा आणि उत्तराचा मजकूर व्हॉट्सॲपवर तयार ठेवा. फोन चार्जिंगला लावा. आमच्याकडे वीज नेमकी सकाळीच जाते.